लायनोबाचं पाणी

आमच्या सूनबाई पुण्यात काचेच्या तारा तपासतात. दोन डेटा सेंटरांच्या मध्ये जमिनीखालून केसाएवढी काच टाकायची आणि ती शाबूत आहे की नाही ते बघायचं, ही त्यांची नोकरी. डेटा सेंटर म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. "बाबा, सगळ्या जगाचे फोटो, व्हिडिओ, बँकांचे हिशेब तिथे साठवून ठेवतात," त्या म्हणाल्या. म्हणजे गोदाम. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात माल जातो तो काचेतून, उजेडाच्या रूपाने. तार कुठे तुटली तर सूनबाई थंडगार गाडीत बसून एका टोकाला यंत्र लावतात आणि ते पडद्यावर सांगतं, इथे तुटली. मग कुणीतरी दुसरा उन्हात जाऊन खणतो.

"तुमच्या वेळी फॉल्ट कसा शोधायचे हो?" असं त्यांनी मला गेल्या दिवाळीत विचारलं. लोक पाटा-वरवंट्याची चौकशी ज्या प्रेमाने करतात, त्याच प्रेमाने. तेव्हा तोंडात चकली होती म्हणून उत्तर राहून गेलं. आता या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत, तर एका दगडात दोन पक्षी मारून घेतो. दगडाचा विषय पुढे येणारच आहे.

मी टेलिफोनच्या केबली तपासायचो, नगरला. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही दोन मोठ्या शहरांना जोडणारी एक जाडजूड केबल जमिनीत पुरत होतो. ती जामखेडच्या रस्त्याने पूर्वेकडे जायची होती. वाटेतल्या एकाही गावाला तिच्यातून फोन मिळणार नव्हता. गावांनी फक्त आपल्या हद्दीतून तिला जाऊ द्यायचं होतं. देशाच्या प्रगतीत प्रत्येकाचा काहीतरी वाटा असतो, त्यांचा हा होता.

केबल म्हणजे मनगटाएवढी जाड, बाहेरून शिशाची आणि आत तांब्याच्या तारा. प्रत्येक तारेला गुंडाळलेला असायचा कागद. होय, कागदच. कायमची मातीत पुरायची वस्तू कागदात गुंडाळावी, ही कल्पना ज्या विद्वानाला सुचली त्याने पावसाळा फक्त खिडकीतून पाहिला असावा. आत पाण्याचा थेंब गेला की कागद भिजला आणि बोलणं बसलं. म्हणून आमच्या खात्याचा एकच शत्रू होता, पाणी. सगळा जिल्हा ज्याच्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसला होता, ते कुठून शिरू नये यासाठी सरकार मला पगार देत होतं.

केबलीचे तुकडे जोडायचं काम गफूरभाईंचं. ते नगरचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे आणि तोंडाने त्याहून मोठे. तारा जोडायच्या, त्यावर गरम मेण ओतायचं, वरून शिशाची नळी चढवायची आणि तिची दोन्ही टोकं वितळलेल्या डागाने, म्हणजे शिसं-कथलाच्या रसाने, बंद करायची. तो डाग ते चरबी लावलेल्या कापडाने हाताने फिरवून बसवत, तान्ह्या बाळाची टाळू भरावी तसा. आपल्या जोडात पाणी शिरू शकतं, ही गोष्ट त्यांना कुणी शिवी दिल्यासारखी लागायची.

माझ्याकडे दोन पेट्या. पहिली मेगर. तिचं हँडल गरागरा फिरवायचं. काटा पार टोकाला जाऊन उभा राहिला तर केबल कोरडी, खाली लोळला तर ओली. दुसऱ्या पेटीची बटणं फिरवून हिशेब मांडला, की नगरपासून किती लांब पाणी शिरलंय ते समजायचं. सूनबाईंच्या यंत्राचा हा आजोबा. फक्त याला थंड गाडी नव्हती आणि खणायला जाणारा दुसरा कुणी म्हणजे पुन्हा आम्हीच.

त्या रस्त्यावर एक वाडी होती. नाव सांगत नाही, कारण तिथल्या देवस्थानाला आता पत्र्याचा मंडप आहे आणि मला म्हातारपणी कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. चर खोदायला माणसं मिळाली ती दुष्काळी कामावरची. गावाची निम्मी माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघून गेलेली. राहिलेली मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी खाऊन कुदळ मारत होती. पण या वाडीत चर असा झपाट्याने खोदला गेला की आमचे मुकादम चकित झाले. दुपारची सुट्टीही कुणी घेईना. मला वाटलं, गावाला देशकार्याची गोडी लागली. केबलीचं भलं मोठं लाकडी रीळ आलं तेव्हा उलगडा झाला. गावचे सरपंच गणपततात्या रिळाभोवती फिरले, शिशावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाइन लई दनकट हाय. पर तोटी कुटं बसवनार?"

"तोटी?"

"पान्याच्या लाइनीला तोटी नको व्हय?"

आम्ही महिनाभर 'लाइन येतेय, लाइन येतेय' म्हणत होतो आणि गाव महिनाभर पाण्याची लाइन म्हणून खणत होतं. मी खुलासा केला. यातून पाणी नाही, बोलणं जाणार. मोठ्या शहरातली माणसं एकमेकांशी बोलणार.

तात्यांनी रिळावरचा हात काढून घेतला. "मंजी बोलनं आमच्या खालनं जानार, आन आमी वरनं हंडं घिऊन हिंडनार?"

"तसंच म्हणा."

"मंग सायेब, जमिनीला कान लावला तर काय आयकू येतंय का? टँकर कवा येनार, येवढं जरी कळलं तरी बास हाय."

चर मात्र त्यांनी पुरा खोदून दिला. तोंडातून ब्र काढला नाही. आम्ही केबल टाकली, गफूरभाईंनी वाडीच्या शिवेवर एक जोड केला, चर बुजवला. जमिनीखाली जोड असला की वर खुणेचा दगड रोवायचा नियम होता. हातभर उंचीचा, घडीव, त्यावर बाण आणि चार इंग्रजी अक्षरं. तो रोवून आम्ही पुढे गेलो.

काही आठवड्यांनी उद्घाटनाचं ठरलं. नगरहून एक मंत्री पलीकडच्या शहरातल्या दुसऱ्या मंत्र्यांना फोन करून ख्यालीखुशाली विचारणार होते. आदल्या आठवड्यात ते दोघे एकाच गाडीतून दुष्काळ बघत फिरले होते, त्यामुळे एकमेकांची खुशाली दोघांनाही ठाऊक होती. पण तारेवरून विचारण्यात मजा वेगळी. मांडव पडला, हारांची ऑर्डर गेली आणि आदल्या दिवशी सकाळी मी मेगर फिरवला तर काटा आडवा.

आमचे साहेब आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "शिंदे, पाणी? या दिवसांत?"

"पाणीच आहे साहेब."

"माझ्या जोडात?" गफूरभाई उसळले. "आभाळात नाही, विहिरीत नाही, आणि माझ्या जोडात कुठून आलं?"

सगळ्या जिल्ह्यात जे सापडत नव्हतं ते आमच्या केबलीत होतं. मी दुसरी पेटी काढली, हिशेब मांडला आणि उत्तर आलं ते त्याच वाडीच्या शिवेवरचं.

जीपने पोहोचलो तर आमचा दगड ओळखू येईना. वरपासून खालपर्यंत शेंदूर. भोवती ओटा. पुढे नारळाच्या शेंड्या. बाजूला एक दणकट लोखंडी त्रिशूळ ठोकलेला आणि दगड ओलाचिंब. शेजारी रिकामा तांब्या घेऊन एक म्हातारी बसलेली. तिचं नाव मथुराबाई. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी ती आणि एक गाभण गाय.

"हे काय?" मी तात्यांना विचारलं.

"लायनोबा," तात्या म्हणाले, सगळ्या जगाला माहीत असल्यासारखे. "तुमीच म्हनला न्हवं, खालनं मोठ्या मोठ्या सायबांचं बोलनं जातंय? आमचं तर कोनी आयकत न्हाई. म्हनलं, ह्यो देव तरी वर पोचवंल."

खंडोबा, बिरोबा, म्हसोबा आणि लायनोबा. यात हसण्यासारखं काही नव्हतं. ज्या दगडावर सरकारी बाण आहे त्याची ओळख वरपर्यंत असणार, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

मथुराबाई रोज एक तांब्या पाणी त्याच्यावर घालत होती. विहीर आटली होती. टँकर आला तर आला. इतर घरांनी जनावरं छावणीत नेली होती, पण तिची गाय दिवस भरत आलेली, चालून जाण्यासारखी नव्हती. टँकर आला नाही तर गाय जाणार आणि तिच्याबरोबर पोटातलं वासरू. म्हातारीला दुसरं काही नव्हतं.

"आजी, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही दगडावर ओतता?" मी म्हणालो.

"दगुड न्हाई बाबा, लायनोबा. म्या दोन घोट कमी पिते. आपुन त्याला घातलं तर त्यो आपल्याला घालंल."

मी मेगर पुन्हा फिरवून पाहिला आणि गफूरभाईंना म्हणालो, "पाणी इथंच आहे. बरोबर इथंच."

एवढं वाक्य बोलायला नको होतं. मागे उभा असलेला माणूस गावाकडे पळत सुटला. "पानी घावलं! सायबाच्या पेटीला पानी लागलं!" बघता बघता गाव कुदळी, पहारी घेऊन आलं. विहीर इथंच पाडायची, असं ठरूनही गेलं. मला लोक 'पाणाड्या सायेब' म्हणायला लागले. गावाचा स्वतःचा पाणाड्याही आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातून फिरायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी, अशी त्याची पद्धत. त्याने माझ्या पेटीकडे धंद्यातला माणूस बघतो तसं पाहिलं.

"हँडल कोनीबी फिरवंल," तो म्हणाला. "तुमचा नारळ हुबा ऱ्हातो का?"

पहिली कुदळ उगारलेली मी हवेतच धरली. ती खाली आली असती तर दोन मंत्र्यांची खुशाली तिथेच तुटली असती. हातापाया पडून मी गावाकडून कबूल करून घेतलं की गफूरभाई एकटे, हाताने खणतील. ते खणू लागले. सगळं गाव खड्ड्याभोवती श्वास रोखून उभं. त्रिशुळाच्या बाजूने माती काढत गेल्यावर त्याचं टोक दिसलं, शिशाच्या नळीत रुतलेलं. देव बसवताना कुणीतरी जोर लावून ठोकला होता आणि रोजचा तांब्या त्रिशुळावरून ओघळत सरळ आत उतरत होता.

"बघा!" गफूरभाई ओरडले. "माझा डाग शाबूत आहे. भोक देवाने पाडलंय!" त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तेवढ्यात हसू आलं.

त्यांनी नळी कापली आणि आतून ओंजळभर पाणी सांडलं.

गाव त्या ओल्या मातीकडे बघत राहिलं. "येवढंच?" तात्या म्हणाले.

मी समजावायला तोंड उघडलं, पण मथुराबाईला माझ्याआधी समजलं. ती खड्ड्याच्या काठावर टेकली. "मंजी ह्ये म्याच घातलेलं," ती म्हणाली. "लायनोबा प्यालाच न्हाई व्हय."

कुदळी खाली आल्या. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ फॉल्ट काढले, पण एखाद्याचा उपास व्यर्थ गेल्याचं असं मोजून दाखवायची वेळ पुन्हा आली नाही.

गफूरभाईंनी स्टोव्ह पेटवून कागद सुकवायला घेतला. केबलीतल्याच एका तारेच्या जोडीला मी आमचा तपासणीचा फोन लावला होता. पलीकडे नगरला साहेब फोन धरून बसलेले. घटकाघटकाला विचारत, पाणी निघालं का? मी म्हणे, निघतंय. शेवटी मी फोन गोणपाटावर ठेवला आणि लोकांना जरा लांब न्यायला तात्यांबरोबर गेलो. फोनजवळ उरली मथुराबाई. त्यात साहेबांचा आवाज खेकसायला लागला. दुसरं कुणी उचलेना तेव्हा तिने उचलला. पुढचं संभाषण साहेबांनीच मला पुढे कैक वर्षं, दर बढतीच्या वेळी, ऐकवलं.

"हॅलो! पाणी निघालं का?"

"आं? पानी?"

"पाणी, पाणी! निघालं ना? मला वर कळवायचंय. निघालं ना सगळं पाणी?"

"निगालं म्हंता?"

"हो! निघालं ना?"

"व्हय बाबा, व्हय! निगालं!"

"शाबास!" साहेब म्हणाले आणि वर कळवायला धावले.

साहेबांच्या मराठीत निघालं म्हणजे बाहेर पडलं. मथुराबाईच्या मराठीत निघालं म्हणजे वाटेला लागलं. दोघांच्याही मराठीत काही चूक नव्हती. ती उठली आणि तिच्या अंगात इतका आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. "निगालं! नगरास्नं पानी निगालं! लायनोबा बोलला!"

परत येऊन बघतो तर गाव हंडे, घागरी, तेलाचे डबे घेऊन रस्त्याच्या कडेला ओळीत बसलेलं. एवढी सरळ लाइन आमच्या खात्यालाही कधी टाकता आली नाही. मी सांगून पाहिलं की साहेब जोडातल्या पाण्याचं विचारत होते. कुणी ऐकलं नाही. तात्या म्हणाले, "आता न्हाई म्हनू नगा सायेब. म्हातारीनं सोताच्या कानानं आयकलंय."

गफूरभाई नवी नळी चढवायला निघाले तर मथुराबाई खड्ड्यात पाय सोडून बसली. भांडत नव्हती. "देवाचं तोंड उगडं हाय तवर ऱ्हाऊ द्या. पानी आलं की मिटवा," एवढंच म्हणाली. दंगा असता तर पोलीस बोलावता आले असते. विश्वासावर कुठलं कलम लावणार?

मी फोन उचलला. "साहेब, तुम्ही पाणी निघालं म्हणालात. गाव टँकरची वाट बघतंय. तो आल्याशिवाय जोड बंद करू देत नाहीत."

"शिंदे, मी जोडातल्या पाण्याचं बोलत होतो!"

"मला माहीत आहे साहेब."

"पाणीपुरवठा माझं खातं नाही!"

"ते त्यांना माहीत नाही. मग उद्याचं उद्घाटन पुढे ढकलायचं का?"

तिकडे बराच वेळ शांतता. इतकी स्वच्छ शांतता मी तारेवर कधी ऐकली नव्हती, म्हणजे कागद चांगला सुकला होता. मग साहेबांनी फोन ठेवला आणि दुसरा उचलला. कुणाकुणाला केले ते त्यांनाच ठाऊक. एवढं खरं की माणसं तहानली म्हणून जो टँकर आठवडेच्या आठवडे हलत नव्हता, तो दोन मंत्र्यांचा नमस्कार अडला म्हणून तासाभरात नगरातून सुटला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की तारेतून फक्त बोलणं जातं. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी गेलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा रस्त्यावर धूळ दिसली. गाव उठून उभं राहिलं. मथुराबाईने खड्ड्यातून पाय काढून घेतले. गफूरभाईंनी नळी चढवली, डाग वितळवला आणि कापड फिरवू लागले. तिकडे हंड्यांचा गलका चालला होता, इकडे त्यांनी मान वर केली नाही.

जोड थंड झाला. माझी शेवटची तपासणी राहिली होती. मेगर मांडीवर घेऊन मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात मथुराबाई आली. पहिली घागर तिने गाईपुढे ठेवली होती. गाय पाणी पिताना करते तो आवाज मला तिथवर ऐकू येत होता. म्हातारीच्या हातात भरलेला तांब्या होता. स्वतः प्यायली नव्हती, ओठ तसेच सुकलेले होते.

दगड आम्ही काढून बाजूला ठेवला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खड्ड्यापाशी आली आणि तांब्या आमच्या जोडावर तिरपा केला.

"अहो बाई, नको!" गफूरभाई ओरडले. मी एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्याने हँडल फिरवत राहिलो.

"त्यो बोलला," ती मला म्हणाली आणि सावकाश, एक थेंब बाहेर सांडू न देता, सगळा तांब्या त्या शिशावर ओतला.

मला काटा दिसेना. डोळ्यांत पाणी दाटलं होतं. हँडल मात्र सोडलं नाही.

"बघा हो गफूरभाई, कोरडा आहे का?"

गफूरभाईंनी वाकून पेटीत पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"जोड कोरडा आहे," ते म्हणाले.